पुतळ्यातल्या गांधीलमाश्या

दादाच्या वरच्या ओठावर गांधीलमाशी डसली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मधली लेक नुकतीच कुठे दारात चपला काढत होती.

म्हणजे बघा. नऊ वर्षांनी बाई बापाच्या घराची पायरी चढली, आणि तिच्या बाजूने बोलायला म्हणून जो एकुलता एक माणूस या घरात तयार होता, त्याचं तोंड नेमकं त्याच मिनिटाला बंद झालं. आई म्हणाली, नशीब. वहिनी म्हणाली, निष्काळजीपणा. आत्या म्हणाली, बरंच झालं, पहाटेपासून त्याची टकळी चालू होती.

टकळी चालू असणारच. दादाने या दिवसासाठी चार पानांचं भाषण लिहून पाठ केलं होतं. दुकानात शिवणकामाचा सगळा भार मास्तरांवर, म्हणजे वडिलांवर, त्यांना घरातही मास्तरच म्हणत, पण गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंगवायचं काम दादाचं. बोलून बोलून त्याने लोकांना नको असलेले कोटसुद्धा शिवायला लावले होते. मधलीला त्याने फोन करून सांगितलं होतं की यंदा मोजणीला तू फक्त ये, बोलायचं माझ्यावर सोड, मास्तरांना विरघळवतो की नाही बघ. त्या एका शब्दावर ती दोन बस बदलून आली. आणि आता विरघळवणारा गडी ओट्याला टेकून उभा होता, ओठ फुगून नाकाला भिडलेला, आणि काहीही विचारलं तरी त्याच्याकडून एकच उत्तर येत होतं, "उं."

मोजणी म्हणजे या शिंप्यांच्या घरातला वर्षातला एक दिवस. पणजोबांनी घालून दिलेली रीत. परक्यांची मापं रोज घेता, घरच्यांची वर्षातून एकदा तरी घ्या, असं ते म्हणायचे. हंगाम संपला की एका रविवारी दुकान बंद ठेवायचं, सगळ्यांनी कापणीच्या खोलीत मोठ्या आरशासमोर एकेक करून उभं राहायचं, आणि मास्तरांनी टेप लावून माप सांगायचं. जाड पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येकाचं पान. माणूस गेला की त्याच्या शेवटच्या मापाखाली एक रेघ मारायची आणि पान तसंच राहू द्यायचं. मधलीच्या पानाखाली रेघ नव्हती, पण नऊ वर्षांत त्यावर एक आकडाही चढला नव्हता. दर मोजणीला मास्तर ते पान काही न बोलता उलटत. आईने हे तिला फोनवर सांगितलं होतं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तिचा गुन्हा काय, तर ती रेडीमेडच्या कारखान्यात कामाला लागली. हसू नका. दुसऱ्या घरात मुलगी पळून गेली तर जेवढा गहजब होईल, तेवढा या घरात त्या नोकरीने झाला होता. लहान, मध्यम आणि मोठा, एवढ्या तीन मापांत जगातली सगळी माणसं बसवणारे लोक म्हणजे मास्तरांच्या लेखी खाटीक. आणि त्यांची स्वतःची लेक, जिला त्यांनी आठव्या वर्षी सुई धरायला शिकवली, ती तिथे जाऊन शंभर शंभर थर एका वेळी कापणार! "मग तिला म्हणावं, तिकडेच बस," असं मास्तर तेव्हा आईला म्हणाले. मधली शेजारीच उभी होती. तो दिवस आणि आजचा दिवस, तिच्याशी ते एक शब्द बोलले नव्हते.

आजही बोलले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात आले, गळ्यात नेहमीसारखी टेप, आणि चहाच्या किटलीकडे बघत आईला म्हणाले, "कोण आलंय?"

आई म्हणाली की डोळे आहेत ना तुम्हाला.

"आहेत. चहा दिला का विचार."

मधली त्यांच्यापासून दोन हातांवर होती. तरी आईने रीतसर तिच्याकडे वळून विचारलं, चहा घेणार का विचारतायत. मधलीने आईला सांगितलं, घेईन म्हणावं. आईने मास्तरांना सांगितलं, घेईल म्हणते. हे दळणवळण चालू असताना एक गांधीलमाशी निवांतपणे साखरेच्या डब्याला प्रदक्षिणा घालत होती. मधलीला हसू आवरेना, आणि दादाला माशी डसली नसती तर ती आतापर्यंत रडली असती हेही तिला कळत होतं.

चार दिवसांपासून हा उच्छाद चालला होता. आधी इस्त्रीच्या टेबलावर एक सापडली, मग पडद्यामागे तीन. गुरुवारी बँकेचे मॅनेजर कोटाच्या ट्रायलला आले आणि बाहीत हात घातल्याबरोबर आरशासमोर असे काही नाचले, की वहिनीने नंतर सांगितलं, माणूस इतका मोकळा असेल असं वाटलं नव्हतं. आज सकाळी दादा मोजणीसाठी कापणीची खोली झाडायला गेला. त्याने बघितलं तर झरोक्याच्या फुटक्या काचेतून माश्या येतात आणि कपाटावर ठेवलेल्या पुतळ्याच्या गळ्यातल्या भोकातून आत जातात. शहाण्या माणसाने दार लोटून घेतलं असतं. दादाने लाकडी पट्टीने पुतळ्याच्या पोटात ढोसलं.

"कुठला पुतळा?" मधलीने विचारलं.

सगळ्यांनी एकदम चहाकडे बघायला सुरुवात केली. शेवटी वहिनीने तिला बोळात नेलं आणि दाराच्या काचेतून दाखवलं. कपाटावर, अगदी छताजवळ, कापडाने मढवलेला तो पुतळा उभा होता, तोंड भिंतीकडे करून. म्हणजे पुतळ्याला तोंड नव्हतंच, गळ्याशी संपणारा तो. पण पाठ खोलीकडे होती आणि डावा खांदा किंचित खाली होता. तो खांदा मधलीने ओळखला. तिच्या विसाव्या वर्षी मास्तरांनी तो तिच्या मापावर स्वतः बनवला होता, तिने त्यावर कापड टाचून शिकावं म्हणून. तिला वाटत होतं, तो केव्हाच भंगारात गेला.

"टाकू म्हटलं की अंगावर येतात," वहिनी कुजबुजली. "आणि खाली घेऊ म्हटलं तरी अंगावर येतात."

काचेच्या पलीकडे मधलीच्या पुतळ्याच्या गळ्यातून गांधीलमाश्या ये-जा करत होत्या. आपल्या पोटात यांनी संसार मांडलाय, या विचाराने तिच्या पोटात खरंच गुदगुल्या झाल्या.

मग स्वयंपाकघरात सभा भरली. कीटकनाशकवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, गुरुवारी येतो, तोवर हात लावू नका. वहिनीने फवाऱ्याचा डबा आणला. मास्तरांनी तो तिच्या हातातून काढून मोरीत ठेवला. खोलीत चार भिंतींना लोकरीच्या कापडाचे तागे लागलेले, एकदा का त्या औषधाचा वास बसला की गिऱ्हाइकाला नातवंडं होईपर्यंत जायचा नाही. धूर नको, तेच कारण. गुरुवारपर्यंत थांबायलाही ते तयार नव्हते. मोजणी आज म्हणजे आज, आणि त्याच खोलीत, त्याच आरशासमोर. वही आत, कापणीचं टेबल आत, आरसा आत, आणि राखणीला गांधीलमाश्या.

मधली साखरेच्या डब्याला उद्देशून म्हणाली की दिवस मावळला की माश्या घरी येतात. तेव्हा वरून एक जाड पिशवी घालायची, सगळ्या पुतळ्यालाच, खालून नाडी ओढायची, आणि उचलून परसात न्यायचं. मारायचं नाही, फवारायचं नाही.

मास्तरांनी ते ऐकलं. बराच वेळ हनुवटी खाजवली. मग आत्याला म्हणाले, "तिला विचार, चढणार कोण?"

आता चढणार कोण याचा हिशेब सोपा होता. मास्तरांचे गुडघे गेलेले. आई स्टुलावर उभी राहिली तरी तिला भोवळ येई. आत्या बहात्तर वर्षांची. दादा शौर्य गाजवून बसलेला. वहिनीने स्वच्छ सांगितलं की मी या घरात काजं करायला आले आहे, हुतात्मा व्हायला नाही. उरलं कोण?

"मी चढते," मधली म्हणाली.

मास्तर उठले. "उघड्या अंगाने नाही," ते आत्याला म्हणाले. "सांग तिला. या घरातून कोणी कधी अंगावर न बेतलेला कपडा घालून बाहेर पडलेलं नाही. गांधीलमाश्यांसमोर गेलं तरी पडणार नाही."

झालं. आता चिलखत शिवायचं ठरलं. आणि चिलखत शिवायचं तर माप हवं. वही तर आत कोंडलेली. मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपेकडे गेला. मधली उठून उभी राहिली. तिचे हात आपोआप अंगापासून थोडे बाजूला झाले, लहानपणापासूनची सवय. एवढ्यासाठीच तर ती आली होती. त्यांनी नुसती टेप लावली असती तरी पुरे होतं. बोलले नसते तरी चाललं असतं.

मास्तरांनी हात खाली घेतला. खिडकीबाहेर बघत वहिनीला म्हणाले, "लिही."

वहिनीने पेन्सिल घेतली.

"छाती चौतीस. कंबर सव्वीस. सीट छत्तीस. मान तेरा. बाही साडेएकवीस, उजवी. डावी पाऊण इंच... नाही, अर्धा इंच कमी धर. डावा खांदा पाव इंच खाली आहे, दप्तर एकाच खांद्यावर टाकायची. पाठीची लांबी पंधरा. गळ्यामागचं हाड जरा वर आहे, तिथे कापड टोचलं की कुरकुर करते, म्हणून कॉलर सैल."

आत्याच्या मांडीवरचा बटणांचा डबा कलंडला. आईने उगाचच नळ सोडला आणि एक धुतलेलाच कप परत धुवायला घेतला. ज्या माणसाने नऊ वर्षं पान उलटून टाकलं, त्याला ते पान तोंडपाठ होतं.

मधलीने बाजूला केलेले हात खाली घेतले. आणि त्याच वेळी, देवा रे, तिला हसू फुटायला लागलं. कारण कंबर सव्वीस! मध्ये एक बाळंतपण झालं होतं, आणि नऊ वर्षं कारखान्याच्या कँटीनचा पाहुणचार. ती सव्वीस कंबर आता फक्त कपाटावर शिल्लक होती, आणि तिथेही भाडेकरू शिरले होते.

सांगायला काय जात होतं? माझं माप बदललंय, एवढे तीन शब्द. पण ते बोललं की मास्तरांना टेप उचलावी तरी लागेल, नाहीतर सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागेल. आणि ते नाही म्हणाले तर तिला सहन झालं नसतं. तिने मूग गिळले.

गंमत अशी की तिथे बसलेल्या प्रत्येकाला खरी गोष्ट दिसत होती. सगळे शिंपीच, बसमध्ये शेजारी बसलेल्याची बाही अर्धा इंच लांब असली तर यांना झोप लागत नाही. वहिनीने मधलीच्या कमरेकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने सव्वीस लिहिलं. आत्याने पाहिलं आणि सुपारी फोडावी तसे ओठ मिटले. फक्त एकाच माणसाने पाहिलं नव्हतं. मास्तरांनी सकाळपासून किटलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. लेकीकडे एकदाही नाही. पाहिलं असतं तर टेपेचीसुद्धा गरज पडली नसती.

दुपारभर घर नुसतं घोंघावत होतं, माश्यांनी नव्हे, मशिनींनी. कापणीचं टेबल आत अडकलेलं, म्हणून जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. घरात जाड असं एकच कापड होतं, आरामखुर्च्यांचं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. टोपीसाठी पडद्याची जाळी. मास्तर म्हणाले पट्टे जुळले पाहिजेत. आई म्हणाली, अहो, माश्या काय पट्टे बघणार आहेत? मास्तर म्हणाले, मी बघणार आहे. मग आत्याने पुढे सात काजं हवीत असा हट्ट धरला. वहिनीने सुचवलं की काजं म्हणजे भोकं, माश्यांना सात दारं. त्यावर अर्धा तास वाद झाला आणि ठरलं की काजं ठेवायची आणि वरून झाकणपट्टी शिवायची. एवढं झाल्यावर मास्तरांनी वर छातीवर एक खिसा लावला. कशाला, असं विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

मधलीच्या वाट्याला कॉलर आली. ती तिच्या जुन्या मशिनीवर बसली. त्या मशिनीचं चाक पूर्वीसारखंच अडत होतं आणि तिने पूर्वीसारखीच त्याला थाप मारली. शेजारी आत्या, पलीकडे वहिनी, आई धावदोरे घालतेय. नऊ वर्षं जणू कोणी जेवायला उठलं होतं आणि परत येऊन बसलं.

एवढ्यात दादाला वाटलं, तोंड बंद असलं म्हणून काय झालं, कागद तर आहे. त्याने खिशातली चार पानं काढली, उलगडून सारखी केली आणि मोठ्या आशेने मास्तरांसमोर धरली. मास्तर कॉलरच्या नमुन्यासाठी कागदच शोधत होते. म्हणाले, शाबास, वेळेवर सुचलं तुला. पानं पालथी घातली, खडूने रेघ ओढली, आणि दादा "उं, उं" करेपर्यंत कचाकच कात्री चालवली. भाषणाची पहिली ओळ, जिच्यावर दादाने तीन रात्री घालवल्या होत्या, ती कॉलरच्या टोकाबरोबर जमिनीवर पडली. मधलीने ती उचलून वाचली. 'मास्तर, कापड एकदा कापलं की' एवढंच उरलं होतं.

ती मशिनीवर डोकं टेकून इतकी हसली की आत्यालाही लागण झाली. ही तीच आत्या, जी नऊ वर्षं 'रेडीमेडवाली' याखेरीज तिचं नाव घेत नव्हती.

कॉलर तयार झाली. मास्तरांनी ती उजेडात धरली, शिवण नखाने ओढून पाहिली. "शिलाई बरी आहे म्हणावं," ते आत्याला म्हणाले. "कारखान्यात निदान टाके तरी घालू देतात वाटतं."

आत्याने बटण दाताखालून काढलं. "मी काय पोस्टमन आहे? नऊ वर्षं मी तुझी बाजू घेतली, पण निरोप पोचवायचं माझं वय राहिलं नाही."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि निरोप आईकडे दिला. आईने तो मधलीला पोचवला, पण 'वाटतं' तेवढं वगळून.

उन्हं उतरली तशी चढाईची तयारी सुरू झाली. आतल्या खोलीत तीन बायका आणि एक चिलखत. पाय गेले, हात गेले. मग आत्याने पुढून दोन्ही कडा धरल्या आणि त्यांच्यामध्ये वीतभर मधली उरली.

"श्वास आत घे," वहिनी म्हणाली. "अजून. वन्सं, अजून."

वहिनीने पाठीत गुडघा लावला, आत्याने बटणं ओढली. एक लागलं, दोन लागली. चौथ्याला मधलीला हसू आलं आणि दुसरं सुटलं. पुन्हा पहिल्यापासून. आई भिंतीकडे तोंड करून हसत होती, कारण तिच्याकडे पाहिलं की सगळ्यांचा धीर सुटत होता. सातवं बटण लागलं तेव्हा मधलीने बारीक आवाजात विचारलं, कधी सोडायचा श्वास? आत्या म्हणाली, खाली उतरल्यावर.

आणि मधलीला आठवलं. माप देताना सगळीच माणसं पोट आत ओढतात. शाळकरी मुलं ओढतात, बँकेचे मॅनेजर ओढतात. मास्तर टेप कमरेला लावतात, थांबतात, आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हणतात, पोट सोड, इथे कोण बघतंय. हजारो माणसांना म्हटलं असेल. ते ऐकलं की माणूस कसनुसं हसतो, मोकळा होतो, आणि मग खरं माप मिळतं. लहानपणी ते वाक्य ऐकायला ती मुद्दाम पोट ओढून उभी राहायची.

ती बाहेर आली, पट्ट्यापट्ट्यांची, जाळीची टोपी घातलेली, पाय न वाकवता. दादाचा ओठ हसू शकत नव्हता म्हणून त्याचे खांदे हसले. मास्तरांनी फक्त कॉलरकडे पाहिलं. कॉलर छान बसलीय, असं आईला म्हणाले.

खोलीतला दिवा बंद ठेवला. दादाने दारातून टॉर्च धरली. शिडी कपाटाला लावली, आई आणि वहिनीने पाय धरले. मधली चढली. एका पायरीला एक चिमूटभर श्वास. वर पोचली तर पुतळ्याच्या पोटातून बारीक गुणगुण येत होती, दिवसभराची कामं उरकून मंडळी घरी आली होती. तिने दुहेरी अस्तराची पिशवी उघडली, हळूच गळ्यावरून घातली, खांद्यांवरून खाली घेतली. तोंड बंद झालं. आता फक्त कमरेपाशी ओढायची आणि नाडी आवळायची.

तिने कमरेपाशी पाहिलं. टॉर्चच्या उजेडात ती कंबर इतकीशी दिसत होती. दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. अगं बाई, मधलीच्या मनात आलं, ही मी? ही एवढीशी? जेवत नव्हते की काय मी या घरात?

आणि तिला हसू आलं. दाबलेलं, सकाळपासूनचं, साठलेलं हसू. तिने दोन्ही हात वर केलेले, आणि पोट सुटलं.

टर्रर्र.

मानेपासून थेट खालपर्यंत पाठ फाटली. सात बटणं एकामागून एक उडाली; एक आरशावर वाजलं, एक दादाच्या टॉर्चवर. पुतळ्यात गुणगुणीचा गोंगाट झाला. पिशवीबाहेर राहिलेल्या दोन-तीन माश्या भिरभिरायला लागल्या.

"तिला सांग खाली ये!" मास्तर ओरडले.

"तूच सांग!" आत्या ओरडली.

मधलीने मात्र नाडी ओढली, गाठ मारली, पुतळ्याला मिठी घातली आणि हसत हसत, पायऱ्या चाचपत खाली आली. पाठ उघडी, आतला परकर सगळ्या जगाला दिसतोय, आणि माश्या मागे. ती परसाकडे पळाली. आणि तिला पाठीवर दोन हात जाणवले. मास्तर तिच्यामागून पळत होते, गुडघ्यांसकट, आणि फाटलेल्या कापडाच्या दोन्ही कडा त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरल्या होत्या, एकही माशी आत शिरू नये म्हणून. ती पळेल तसे ते पळत होते. स्वयंपाकघर, मागचं दार, तीन पायऱ्या, परस. त्यांच्या मागे टॉर्च घेऊन दादा, त्याच्या मागे तीन बायका, आणि सगळ्यांत मागे बिचाऱ्या माश्या, ज्यांना आता काही कळेनासं झालं होतं.

पुतळा कुंपणापाशी ठेवला. गुरुवारी माणूस येईल तोवर तिथेच. सगळे मागच्या पायरीवर कोसळले. आई हसता हसता रडत होती. वहिनीला उचकी लागली. मधलीला दंडावर एक डंख बसला होता आणि तिला तो घरात येऊन आरशात बघेपर्यंत कळलाही नाही.

हसले नाहीत ते एकटे मास्तर. ते तिच्या पाठीमागे उभे राहून फाटलेली कड उजेडाकडे धरून तपासत होते. वहिनीची उचकी थांबली. आकडे तिच्या हातचे होते.

"शिवण सुटलेली नाही," मास्तर म्हणाले. "दोरा सगळा जागेवर आहे. कापड फाटलंय."

त्यांनी फाटलेली कड हातातून सोडली.

"माप चुकलं," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द या घरात तीन पिढ्यांत कोणी उच्चारले नव्हते. "न बघता कापलं मी."

मग ते वळून आत गेले. कापणीच्या खोलीत दिवा लागला. कपाट उघडल्याचा, पुठ्ठ्याची वही टेबलावर पडल्याचा आवाज आला. एकामागून एक सगळे दाराशी गोळा झाले. वही मधलीच्या पानावर उघडी होती. मास्तरांनी वहिनीकडे पेन्सिल सरकवली, गळ्यातली टेप काढली आणि आत्याला म्हणाले, "तिला म्हणावं, आरशासमोर उभी राहा."

आत्या छताकडे बघत राहिली. आईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. दादा "उं" म्हणाला, पण ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

मधली आपणहून आत गेली आणि आरशासमोर उभी राहिली. फाटक्या चिलखतातून बाहेर येऊन, साध्या कपड्यांत, केस विस्कटलेले. मास्तरांनी टेप खांद्यावर ठेवली आणि वहिनीला आकडा सांगितला. डावा खांदा सांगितला. तो अजून पाव इंच खाली होता. बाही. पाठ. मान, आणि गळ्यामागच्या हाडाशी त्यांचं बोट जरासं थांबलं. त्यांचे हात पूर्वीसारखेच कोरडे होते आणि खडूचा वास येत होता. मग ते खाली वाकले, गुडघा वाजला, आणि टेप कमरेभोवती आली.

मधलीने दिवसभराच्या सवयीने पोट आत ओढून धरलं होतं.

मास्तर थांबले. टेप सैल धरून तसेच थांबले. आरशात त्यांनी मान वर केली आणि नऊ वर्षांनी सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पोट सोड," ते तिला म्हणाले. "इथे कोण बघतंय."

सगळं घर दारात दाटी करून बघत होतं. मधलीने पोट सोडलं, आणि टेप सरकत सरकत साडेतेहेतिसावर येऊन थांबली.